अर्धा बॉल वर, अर्धा आत : एका होल-इन-वन प्रमाणपत्र सेवेचा अनुभव

फ्रेम काल संध्याकाळी भिंतीवर लागली, म्हणून आज लिहायला बसले. सतरा वर्षं गोल्फ खेळतेय. एवढ्या वर्षांत कितीतरी बॉल होलच्या काठाला चाटून पुढे गेले, एक तर होलमधल्या फ्लॅगच्या काठीवर आपटून बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, जाऊन पडला. टीवरून, म्हणजे होलची सुरुवात करायच्या जागेवरून, एकाच फटक्यात थेट होलमध्ये गेला (यालाच होल-इन-वन म्हणतात) तो हा एकच. त्याचं प्रमाणपत्र आणि फ्रेम मी एका ऑनलाइन सेवेकडून करून घेतली. काम व्हायला अडीच महिने लागले. त्यातले दोन महिने एकाच प्रश्नावर गेले: तुमचा बॉल खरंच होलमध्ये गेला होता का?

सेवेचं नाव लिहीत नाही. असल्या आणखी दोन सेवांचे फॉर्म मैत्रिणींकडे पाहिले आणि तेच प्रश्न त्याच पद्धतीनं विचारलेले दिसले, त्यामुळे एकीवरच बोट ठेवणं बरोबर होणार नाही.

कामाची पद्धत सोपी आहे. ऑनलाइन फॉर्म भरायचा, स्कोअरकार्डचा फोटो जोडायचा, बरोबर खेळणाऱ्यांपैकी किमान एकाचं नाव आणि संमती द्यायची आणि बॉल पार्सलनं पाठवायचा. ते पडताळणी करतात, प्रमाणपत्र छापतात, बॉल एका खोलगट खाचेत बसवतात आणि वर काच लावून फ्रेम परत पाठवतात. खाली पितळी पट्टी, तिच्यावर तारीख, होल क्रमांक, अंतर आणि कोणत्या क्लबनं (गोल्फच्या स्टिकनं) मारला ते कोरलेलं.

फ्रेमचं आधी सांगून टाकते, कारण तिच्याबद्दल फारशी तक्रार नाही. लाकूड जड आहे, कोपऱ्यांचे जोड घट्ट आहेत, दिव्याखाली काच चमकत नाही. पट्टीवरची अक्षरं खोल कोरली आहेत, नुसती छापलेली नाहीत. पार्सलमध्ये फोमचे दोन थर होते, ओरखडाही आला नाही. बॉल बसवताना मात्र त्यांनी एक चूक केली, ती शेवटी सांगते, कारण तो शॉट कसा गेला हे कळल्याशिवाय ती कळणार नाही.

महिन्याची स्पर्धा होती, स्ट्रोक प्ले, म्हणजे एकूण स्ट्रोक (फटके) मोजायचा प्रकार. सातवा होल, पार-३ (तीन स्ट्रोकमध्ये संपवणं अपेक्षित), माझ्या टीपासून ११८ यार्ड. समोरून वारा. सात नंबरचं आयर्न (धातूच्या पात्याचा क्लब) घेतलं. बॉल ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या) पुढच्या कडेला पडला, दोन टप्पे घेतले आणि उजवीकडून हळू वळत काठीकडे गेला. तिथे थांबला. नाहीसा झाला नाही, थांबला. टीवरून आम्हा चौघांनाही काठीच्या पायाशी एक पांढरा ठिपका दिसत होता. मला वाटलं, होलच्या अलीकडे सहा इंचांवर राहिला.

चालत जवळ गेलो तेव्हा माझं कार्ड लिहिणारे काका (वयानं आम्हा सगळ्यांत मोठे, म्हणून सगळेच त्यांना काका म्हणतात) दोन पावलांवर थबकले आणि म्हणाले, "ताई, हात लावू नका. आधी बघा."

बॉल होलच्या तोंडात अडकला होता. वाऱ्यानं काठी आमच्या बाजूला झुकली होती आणि काठी नि होलचा काठ यांच्यामध्ये बॉल चिमटीत धरल्यासारखा बसला होता. मी गुडघे टेकून गाल गवतापाशी नेला. बॉलचा साधारण निम्मा भाग गवताच्या पातळीच्या वर होता, निम्मा खाली. काठीचा लाल पट्टा त्याला टेकला होता. एका मैत्रिणीनं फोन जमिनीला लावून त्याच पातळीवरून फोटो काढला. त्या फोटोनंच पुढे मला वाचवलं.

हे कसं घडतं ते मापांवरून कळतं. होलचा व्यास १०८ मिलिमीटर. बॉलचा व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. काठी अर्ध्या इंचाची असेल आणि बरोबर मधोमध उभी असेल, तर तिच्या दोन्ही बाजूंना साधारण ४७-४८ मिलिमीटर मोकळे राहतात. म्हणजे बॉलला आत सरकायला जेमतेम पाच मिलिमीटरची सूट. काठी तेवढीच पुढे झुकली की दार बंद. एरवी बॉल आत पडतो तो काठी सरळ उभी असते म्हणून.

काका म्हणाले, "झालं. एक." मी विचारलं, "पूर्ण आत नाहीये की?" चौथ्या भिडूचंही तेच म्हणणं होतं, काठी काढा आणि पडला तरच धरा. काकांनी काठी काढायला सांगितली. मी ती उचलली आणि बॉल उसळून होलच्या बाहेर, वीतभर अंतरावर जाऊन पडला. चौथा भिडू म्हणाला, "गेला हो तुमचा." काकांनी एक शब्द न बोलता माझ्या कार्डावर १ लिहिला.

काकांचं बरोबर होतं, आणि मी सतरा वर्षं खेळूनही तो नियम मला नीट माहीत नव्हता. २०१९ साली नियम बदलले तेव्हापासून नियम १३.२सी सांगतो की होलमध्ये ठेवलेल्या काठीला टेकून बॉल थांबला आणि त्याचा कोणताही भाग ग्रीनच्या पातळीखाली होलमध्ये असला, तर बॉल होलमध्ये गेला असंच धरायचं. पूर्ण आत असायची गरज नाही. २०१९ च्या आधी चौथ्या भिडूचं म्हणणं खरं ठरलं असतं. तेव्हा काठी हलवायची आणि बॉल आत पडला तरच तो शॉट होलचा. बाहेर पडला तर होलच्या काठावर ठेवून पुढे खेळायचं, म्हणजे दोन. त्याच्या डोक्यात जुना नियम होता, माझ्या डोक्यात अर्धवट. काठी उचलल्यावर बॉल उसळून कुठे गेला याला काही अर्थच नव्हता. होल त्याआधीच पूर्ण झाला होता.

आता फॉर्म. पाचवा प्रश्न असा होता: "संपूर्ण बॉल ग्रीनच्या पातळीखाली होता का? होय / नाही." मी खरं ते लिहिलं, नाही. दुसऱ्या दिवशी आपोआप आलेलं उत्तर मिळालं, अर्ज नामंजूर, बॉल होलमध्ये गेलेला नाही.

मी नियमाचा क्रमांक लिहून पाठवला, फोटो जोडला, काकांचं लेखी म्हणणं जोडलं. बारा दिवसांनी उत्तर आलं. ते वाचून मला फार वाईट वाटलं. त्यांनी लिहिलं होतं की प्रश्न क्रमांक पाचचं उत्तर "होय" असं बदलून दिलंत तर प्रमाणपत्र लगेच तयार करू.

म्हणजे मी खोटं लिहायचं. ज्या गोष्टीची साक्ष म्हणून ती फ्रेम भिंतीवर लागणार, तिच्याच अर्जात खोटं. या खेळात पंच तुमच्या मागे चालत नसतो, स्वतःची पेनल्टी स्वतः सांगायची असते. पानांच्या ढिगात बॉल माझ्यामुळे तसूभर हलला तेव्हा कुणी पाहिलं नसतानाही मी स्वतःला एक स्ट्रोक लावलाय. आणि इथे बॉल नियमानं आत आहे, तरी तो आत कसा होता याबद्दल मी खोटं सांगायचं? मी नाही म्हटलं.

तिसऱ्या पत्रानंतर बहुधा पहिल्यांदा एका माणसानं सगळं वाचलं. त्या बाईंनी फोन केला, माफी मागितली, आणि मला म्हणाल्या की फोटो पाहून त्यांनी नियम उघडला. माझं उत्तर "नाही" असंच राहिलं आणि अर्ज मंजूर झाला. गेल्या आठवड्यात त्यांचा फॉर्म पुन्हा उघडून पाहिला. पाचव्या प्रश्नाखाली आता तिसरा पर्याय आहे: "काठीला टेकलेला, काही भाग पातळीखाली." हे त्यांनी केलं याचं मला मनापासून कौतुक आहे.

पण याच फॉर्मला दुसरी एक बाजू आहे आणि ती मला जास्त खटकते.

आमच्यातल्या एका खेळाडूला याच सेवेचं प्रमाणपत्र मिळालंय. त्याचा टीवरचा पहिला बॉल तळ्यात गेला. तो परत टीवर आला, दुसरा बॉल लावला आणि तो सरळ आत. शॉट अप्रतिम होता, मी होते तिथे, टाळ्या मीही वाजवल्या. पण टीवरून पुन्हा मारायचं म्हणजे पहिला स्ट्रोक एक, पेनल्टी एक, आणि आत गेला तो तिसरा. कार्डावर त्यानं स्वतः ३ लिहिलं. सेवेच्या फॉर्ममध्ये मात्र "टीवरून मारलेला बॉल थेट होलमध्ये गेला का?" एवढंच विचारलंय. त्यानं होय लिहिलं, आणि ते खरंही होतं. स्कोअरकार्डच्या फोटोत ३ स्पष्ट दिसत असूनही पडताळणीत कुणी पाहिला नाही.

एकीकडे माझा १ नाकारला, दुसरीकडे त्याचा ३ मंजूर केला. दोन्ही ठिकाणी बॉल कसा दिसला हे विचारलं गेलं, किती स्ट्रोक झाले हे नाही. नियमांच्या पुस्तकात व्याख्यांची मोठी यादी आहे. तिच्यात "स्ट्रोक" आहे, बॉल "होल्ड" (होलमध्ये गेलेला) कधी धरायचा ते आहे, "होल-इन-वन" नाही. ती त्या दोन व्याख्यांची बेरीज आहे. टीच्या जागेतून एक स्ट्रोक, आणि त्याच स्ट्रोकनं बॉल होलमध्ये. मारायच्या इराद्यानं क्लब फिरवला आणि बॉलला लागलाच नाही, तरी तो स्ट्रोक. त्यानंतर आत गेलेला बॉल म्हणजे २. नुसता क्लब टेकवताना बॉल टीवरून खाली पडला, तर तो स्ट्रोक नाही. परत लावा, आणि आत गेला तर १.

सेवेला हे किती कळतं ते पाहावं म्हणून, काम पूर्ण झाल्यावर, मी त्या बाईंना सहा प्रसंग लिहून पाठवले. त्यांनी मनापासून उत्तरं दिली.

पहिला, बॉल दुसऱ्या कशाला तरी लागून आत गेला तर? त्यांचं उत्तर, चालतो. बरोबर. २००१ च्या फिनिक्स ओपनमध्ये स्कॉट्सडेलच्या सतराव्या होलवर अँड्र्यू मॅगीनं ३३२ यार्डांच्या पार-४ वर ड्रायव्हरनं (लांब फटक्याच्या क्लबनं) बॉल मारला. ग्रीनवर पुढचे खेळाडू अजून होते. त्यांच्यातला टॉम बायरम खाली बसून आपला पट (ग्रीनवरचा हलका फटका) कुठून जाईल ते पाहत होता. बॉल त्याच्या पटरला, म्हणजे त्या फटक्याच्या क्लबला, लागला आणि तिथून होलमध्ये. पीजीए टूरवर (अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत) पार-४ वरचा तो पहिला होल-इन-वन, आणि तो नोंदला गेला. २०१६ च्या मास्टर्स स्पर्धेत सोळाव्या होलवर लुई ऊस्टहाउझेनचा बॉल जे. बी. होम्सच्या थांबलेल्या बॉलला टक्कर देऊन आत गेला, तोही. यावर आमच्याकडे दर वेळी कुणीतरी "नशीब" म्हणतं. असेल. चालत्या बॉलला चुकून काही लागलं तर तो जिथे जाईल तिथे जातो. बंकरमध्ये गेला असता तर तिथूनच खेळावं लागलं असतं. मग होलमध्ये गेल्यावर वेगळा न्याय का?

दुसरा, बॉल काठावर लटकला आणि मग पडला तर? त्यांनी "चालतो" लिहिलं, ते अपुरं आहे. होलपर्यंत पोचायला लागणारा वाजवी वेळ आणि त्यावर दहा सेकंद, एवढीच सूट. तेवढ्यात पडला तर १. त्यानंतर पडला तरी होलमध्येच धरतात, पण एक पेनल्टी लागते, म्हणून २. अकराव्या सेकंदाला पडलेल्या बॉलवर मी स्वतः एका स्पर्धेत घड्याळ धरून उभी राहिले आहे. त्या मुलीला २ सांगताना जीवावर आलं, पण तिनंच आधी मान हलवली.

तिसरा, शोधाशोध केली, सापडला नाही, दुसरा बॉल खेळात आणला, आणि मग पहिला होलमध्ये दिसला तर? बाईंनी प्रामाणिकपणे लिहिलं की त्यांना माहीत नाही. उत्तर असं की पहिला बॉल आत गेला त्याच क्षणी होल संपला. नंतर जे काही खेळलं गेलं ते मोजायचं नाही, त्याची पेनल्टीही नाही. कार्डावर १. म्हणून मी सगळ्यांना सांगते, पार-३ वर बॉल दिसेनासा झाला की झुडपांकडे धावायच्या आधी होलमध्ये डोकावा.

चौथा, टीच्या खुणांच्या पाऊलभर पुढून मारला तर? "चालतो," असं आलं, आणि हे साफ चूक आहे. स्ट्रोक प्लेमध्ये तो स्ट्रोक धरतच नाहीत, दोनची पेनल्टी लागते आणि योग्य जागेवरून पुन्हा मारावा लागतो, तो तिसरा. मॅच प्लेमध्ये (एकमेकांविरुद्ध एकेक होल जिंकायच्या प्रकारात) पेनल्टी नाही, पण प्रतिस्पर्धी तिथल्या तिथे तो स्ट्रोक रद्द करू शकतो. त्यानं नाही केला तर तोच शॉट १ म्हणून उभा राहतो. एकच शॉट, एकाच जागेवरून, आणि खेळाच्या प्रकारावर त्याचा अर्थ बदलतो. फॉर्ममध्ये खेळाचा प्रकार विचारतच नाहीत.

पाचवा, एकटं खेळताना? त्या साक्षीदार मागतात, नसेल तर नामंजूर. यावर माझं मत दोन्हीकडे झुकतं. बॉल आत जायला बघणारा लागत नाही. २०१० साली लास वेगासमध्ये जोनाथन बर्डनं प्लेऑफमध्ये (बरोबरी सोडवायच्या जादा खेळात) जवळजवळ अंधारात आयर्न मारलं आणि त्याला स्वतःला बॉल आत जाताना दिसला नाही. स्पर्धा मात्र त्या शॉटनं संपली. पण प्रमाणपत्र देणाऱ्याकडे दुसरं काय असणार? स्पर्धेतसुद्धा कार्डावर मार्करची, म्हणजे ते कार्ड लिहिणाऱ्या भिडूची, सही लागतेच. इथे मी सेवेच्या बाजूनं आहे. एकटीनं खेळताना माझा आत गेला असता तर मी आनंदानं घरी आले असते आणि फ्रेम मागितली नसती.

सहावा सरावाचा, आणि याच्यावर मी सगळ्यात जास्त विचार केलाय. १० नोव्हेंबर २०२०, मास्टर्स जिथे होते त्या ऑगस्टा नॅशनलचा सोळावा होल, स्पॅनिश गोल्फपटू जॉन रामचा सव्विसावा वाढदिवस. मास्टर्सच्या आधीच्या सरावात तिथे तळ्यावर बॉलला टप्पे खायला लावायची रीत आहे. रामचा बॉल पाण्यावर टप टप करत पलीकडे चढला, ग्रीनवर लांबच लांब वळला आणि होलमध्ये गेला. मी ते चित्रीकरण कितीदा पाहिलं असेल! आमच्यापैकी बहुतेकांच्या मते तो होल-इन-वन. माझ्या मते तो त्या वर्षातला सगळ्यात सुंदर शॉट होता, पण ज्याला कार्ड नाही त्याला स्कोअर नाही, आणि होल-इन-वन हा स्कोअर आहे. सेवेचं उत्तर मात्र मला पटलं: सराव, सिम्युलेटर, खेळ संपल्यावर सहज मारलेला शॉट, या सगळ्यांसाठी त्या वेगळ्या रंगाचं स्मरणपत्र देतात आणि त्यावर प्रकार स्पष्ट लिहितात. सिम्युलेटरमध्ये बॉल पडद्यावर आपटून खाली पडतो, होलमध्ये थांबत नाही. तेव्हा "सिम्युलेटर" हा शब्द त्यावर हवाच.

सहापैकी तीन उत्तरं बरोबर, एक अपुरं, एक चूक, एक "माहीत नाही". ज्यांचा धंदाच या एका गोष्टीवर आहे त्यांच्याकडून मला यापेक्षा जास्त अपेक्षा आहे. मी त्यांना तीन प्रश्न फॉर्ममध्ये घालायला सुचवलंय: हा टीवरचा कितवा स्ट्रोक होता, खेळाचा प्रकार कोणता, आणि कार्डावर मार्करनं कोणता आकडा लिहिलाय. तिसरा एकटा घातला तरी तळ्यातला ३ निसटला नसता. त्या खेळाडूशी मी बोलले आहे. तो म्हणाला, फ्रेम राहू दे, पण पट्टी बदलून घेतो. नवीन पट्टीवर त्याला "तिसरा स्ट्रोक, टीवरून" असं हवंय. सेवेनं ती विनाशुल्क करून द्यायचं कबूल केलंय.

माझे गुण पाचपैकी साडेतीन. फ्रेमला पूर्ण, पडताळणीला निम्म्याहून कमी, चूक मान्य करण्याला पूर्ण. तुम्ही अर्ज करणार असाल तर काठी काढण्याआधी जमिनीच्या पातळीवरून फोटो काढा, मार्करची सही त्याच दिवशी घ्या, आणि फॉर्ममधला पर्याय तुमच्या शॉटला बसत नसेल तर खोटं न लिहिता पत्र लिहा.

आणि ती बॉल बसवतानाची चूक. काठीला दाबून बसल्यामुळे माझ्या बॉलवर तिच्या लाल रंगाचा एक डाग उतरलाय, नखाएवढा. त्यांनी तो मागच्या बाजूला, खाचेत वळवला होता आणि कंपनीचं नाव पुढे ठेवलं होतं. दिसायला स्वच्छ म्हणून असेल. काल फ्रेम टांगण्याआधी मी मागचे चार स्क्रू काढले, बॉल फिरवला आणि परत बसवला. आता डाग समोर आहे.